धाकट्याच्या बोटीचा दिवा

धक्क्याला बांधलेल्या प्रत्येक शिडाच्या बोटीला मालक होता, पण त्या सगळ्यांची विचारपूस करणारी एकटी आत्या. मालक मंडळी लांबच्या शहरांत राहायची. सुट्टीत येऊन, टोप्या घालून, फोटो काढून परत जायची. मधल्या काळात बोटीला कुबट वास येऊ नये, दोर घासून तुटू नयेत आणि इंजिन रुसून बसू नये, हे आत्याच्या गळ्यात. आठवड्यातून एकदा ती प्रत्येक बोटीवर चढे, झाकणं उघडून वारा आत घेई, तळात किती पाणी साचलंय ते बघे आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करी. "बोट नुसती ठेवून देणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाशी न बोलणं," ती म्हणे. "आतल्या आत गंजतं."

खरं तर ती एकाच मुलीची आत्या, धाकट्या भावाच्या लेकीची. लहानपणी ती पोरगी धक्क्याच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत "आत्याऽऽ" अशी हाळी घालायची. तेव्हापासून हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. बंदराचा पहारेकरी तिच्याहून थोरला, तोही आत्याच म्हणे.

"मी काय तुझ्या बापाची बहीण आहे का रे?"

"असतीस तर बापाला वळण लागलं असतं!"

लग्न राहून गेलं होतं. कुणी खोदून विचारलंच तर सांगायची, "स्थळं यायची ती नेमकी भरतीच्या वेळी, आणि मी असायची धक्क्यावर." वडील बोटी बांधायच्या कारखान्यात सुतार. त्यांच्यासाठी कंदील धरता धरता तिला बोटींचे आवाज कळायला लागले. स्वयंपाकघरात दुसऱ्या खोलीतूनही दूध वर आल्याचं बाईमाणसाला कळतं ना, तसं आत्याला तीन बोटी पलीकडचं इंजिन ऐकून कळे की याला हवा कमी पडतेय.

नव्या इंजिनांना किल्ली नसते, बटणं असतात. सुकाणूशेजारी तळहाताएवढं पॅनेल, वर पारदर्शक झाकण. आत्या नव्या मालकांना शिकवायची ते असं: "आधी खाली जाऊन समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडायचा. इंजिनला तहान लागते, विसरायचं नाही. मग हे वरचं बटण. दिवा लागेल, भोंगा ओरडेल, घाबरायचं नाही. मग हे तापवायचं बटण, थोडा वेळ दाबून धरायचं. थंड इंजिनाला उठवताना आधी पांघरूण हलवायचं, गदागदा नाही हलवायचं. मग स्टार्ट. इंजिनानं धरलं की अंगठा सोडायचा. आणि लगेच मागे वाकून बघायचं, धुराच्या नळीतून पाणी फसफसत बाहेर पडतंय ना. थांबवायला लाल बटण. आणि सगळं थांबलं की वरचं बटण पुन्हा दाबून दिवा विझवायचा. नाहीतर बॅटरी बसलीच म्हणून समजा."

हे शेवटचं वाक्य ती जरा मोठ्यानं म्हणे, कारण ते जन्मभर एका माणसाच्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी ठरलं होतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर बोटभर काचेत जीव घालणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी मात्र त्याला क्षितिजापर्यंतचं सगळं हवं असायचं. जुनी बोट त्यानं हौसेनं घेतली, स्वतः रंगवली. पण भोंग्याचा आवाज त्याला सोसवेना. "ताई, हा तुझ्यासारखा ओरडतो," म्हणत त्यानं भोंग्याची वायरच काढून टाकली. झालं! लाल बटण दाबलं, इंजिन थांबलं, शांतता झाली की स्वारी चपला घालून घरी. दिवा तसाच. आत्या तिच्या फेरीला आली की पॅनेलवर तो पिवळा ठिपका जळत असायचा.

"अरे, पुन्हा?"

"तू आहेस ना विझवायला."

"मी मेल्यावर?"

"मग मी तुझ्यासाठी लावून ठेवीन."

मुख्य स्विचच बंद करून ठेवावा, तर तळातलं पाणी उपसणारा पंप त्याच बॅटरीवर. म्हणून दर आठवड्याला आत्या यायची, दिवा विझवायची आणि वहिनीकडे जाऊन चहा पिता पिता त्याच्या नावानं बोटं मोडायची. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको, शांत, उंच, शाळेत चित्रकला शिकवणारी. "वन्सं, माझ्यासमोर कशाला?" ती हसायची. "घरातले दिवे कोण विझवतं, विचारा जरा."

मग एका सकाळी पाण्यावर धुकं असताना धाकटा एकटाच निघाला. वारा नव्हता, इंजिनवरच गेला. आत्यानं आवाज ऐकला, दुसऱ्या बोटीत ती मान खाली घालून दोर विणत होती. मान वर केली असती तर निदान हात हलवला असता. दुपारी मासेमारांना बोट सापडली. शिडं गुंडाळलेली, सुकाणू बांधलेलं, चहाचा कप अर्धा, न सांडलेला. इंजिन थांबलेलं आणि पॅनेलवरचा दिवा चालू. म्हणजे त्यानं ते स्वतःच थांबवलं होतं, नेहमीसारखंच. भर समुद्रात, वारा नसताना, इंजिन का थांबवावं माणसानं? काही ऐकू आलं होतं का? कुणी हाक मारली? धाकटा काही सापडला नाही.

बोट ओढून धक्क्याला आणली तेव्हा पहिली आत्याच चढली. काय करावं ते सुचेना, तेव्हा हातानं सवयीचं काम केलं. वरचं बटण दाबून तिनं दिवा विझवला. दाबताना तिला वाटलं, आपण त्याचे डोळे मिटतोय.

पुढच्या फेरीला दिवा लागलेला होता.

तिला वाटलं, आपणच विसरलो. दुःखात माणसाचं चित्त कुठे ठिकाणावर असतं! तिनं विझवला. त्यापुढच्या फेरीला पुन्हा तेच. मग वाटलं, कुणाचा तरी चावटपणा. पॅनेल उघड्यावरच असतं, येता-जाता कुणीही बोट लावेल. म्हणून झाकणावरून तिनं दोरी गुंडाळली आणि वडिलांनी शिकवलेली गाठ मारली, जी धक्क्यावर दुसऱ्या कुणाला येत नव्हती. पुढच्या वेळी गाठ जशीच्या तशी होती, आणि झाकणाखाली दिवा.

आत्या तिथंच खाली बसली. भोवती उन्हात दोर कुरकुरत होते, पाणी लाकडाशी चुळबुळत होतं, पलीकडे कुणीतरी रेडिओ लावून भांडी घासत होतं. भीती वाटायला काही जागाच नव्हती. भीती नंतर आली, घरी, चूळ भरताना, मानेच्या मागच्या बाजूला. बोटीवर मात्र ती फक्त एवढंच म्हणाली, "पुन्हा विसरलास?"

त्यानंतर ती त्या बोटीवर चढताना चपला काढू लागली. त्याचा कप घासून, पालथा घालून ठेवी. बाकीच्या बोटी उरकून ही शेवटी ठेवी, घाई नको म्हणून. गंमत सांगायची तर, एवढ्या वर्षांत कुणी तिच्यासाठी दिवा लावून ठेवला नव्हता. घरी परतताना खिडकी अंधारी, कुलूप थंड. आणि इथे, तिच्या येण्याआधी, एक पिवळा ठिपका.

एकदा तर धुकं होतं. धक्क्यावरून तिनं नीट बघितलं, दिवा नव्हता. तिनं पाय आत टाकला, तिच्या वजनानं बोट जराशी कलली, आणि दिवा लागला. पाहुणा दारात आला की बसलेलं माणूस उठून उभं राहतं, तसा.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. वहिनीला तर नाहीच. कारण वहिनी धाकटा गेल्यापासून एका खिडकीत अडकली होती. घराची ती एकच खिडकी बंदराकडे बघणारी. चित्रं काढायचं तिनं सोडलं, शाळाही सोडली. लेक दूरच्या गावी लग्न होऊन गेलेली, ती फोनवर रडायची, "आई, ये ना गं इथे." वहिनी म्हणायची, येते, पुढच्या महिन्यात येते. आत्या स्वयंपाकघरात बसून ऐकायची. वहिनीला दिव्याचं कळलं तर ती त्या खिडकीला कायमची चिकटेल, हे आत्याला स्पष्ट दिसत होतं. घरातल्या एका बाईनं गेलेल्याची वाट बघितली तरी पुष्कळ झालं. ती आपण बघू.

आणि मग लेकीला दिवस गेले. वहिनीनं एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, "वन्सं, बोट विकून टाकते."

आत्याच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

"तुम्हाला वाईट वाटेल, माहीत आहे. पण ती तिथं उभी आहे तोवर माझा पाय निघत नाही. तो आला आणि बोटच नसली तर, असं वाटत राहतं. ती गेली म्हणजे मग वाट बघायला काही उरत नाही. बाळंतपणाला मला जायचंय. तिथंच राहायचंय."

"मग वीक," आत्या म्हणाली. "घेणारा मी बघते."

घेणारा मिळाला तो बेकरीवाला. गोल, हसरा, पहाटेच्या भट्टीनं भुवया विरळ झालेला. त्याला शिडं येत होती, इंजिनाची मात्र धास्ती. "आत्या, भट्टी पेटवायची म्हटलं तर डोळे मिटून पेटवीन. हे बटणांचं प्रकरण मात्र... आधी मेस्त्रीला दाखवू या का?"

आता मेस्त्रीला नको कसं म्हणणार? आत्यानं दोनदा टाळलं. एकदा म्हणाली मेस्त्री आजारी आहे, आणि त्याच संध्याकाळी बेकरीत पाव घ्यायला आलेला मेस्त्री धडधाकट निघाला. शेवटी तो आलाच. पॅनेल उघडून, चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि खो-खो हसला.

"आत्या, हे बघ! वरच्या बटणाच्या पोटात पार हिरवं झालंय. खारं पाणी शिरलंय. दमट हवा झाली, बोट जरा हलली, की आपोआप जोडलं जातं. आपोआप दिवा लागत असेल बघ हा!"

"लागतो," आत्या म्हणाली.

"मग बोलली नाहीस ती?"

"त्यात काय बोलायचं?"

मेस्त्रीनं नवं पॅनेल बसवलं, भोंग्याची वायरही जोडली. जुनं डब्यात टाकताना बटणातून हिरवा चुरा सांडला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. एवढंच होतं तर! तिला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी, भर माणसांत कुणीतरी अंगावरची शाल ओढून घ्यावी तसं झालं. इतके दिवस आपण हिरव्या चुऱ्याशी बोलत होतो.

पुढच्या फेरीला ती ठरवून त्या बोटीवर आधी गेली. नव्या पॅनेलचं झाकण स्वच्छ, खाली काळोख. बोट कलली. दिवा लागला नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, पुन्हा एकदा मुद्दाम वजन टाकून बघितलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून खाली बोटीच्या पोटात उतरली. बेकरीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोट न्यायला येणार होता. निदान तेल तरी बघून ठेवावं.

तिनं इंजिनवरचं लाकडी झाकण उचललं आणि तेलाची पट्टी काढायला हात आत घातला.

इंजिन गरम होतं.

ऊन खाऊन कोमट झालेलं नव्हे. तिला तो फरक माहीत होता, जसा चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या भांड्याचा आणि उन्हात ठेवलेल्या भांड्याचा आपल्याला माहीत असतो. पट्टीवरचं तेल पातळ, चमकतं. कॉक बंद होता. तिनं हात काढून घेतला नाही. लोखंडावर तळवा तसाच ठेवून ती बसून राहिली. कुठेतरी आत धातू आखडताना टिक् टिक् वाजत होतं, चालून आलेल्या इंजिनाचं वाजतं तसं. मग ते थांबलं.

मेस्त्री दुसऱ्या धक्क्यावर एका बोटीच्या पोटात आडवा होता. "तू चालवलंस का रे धाकट्याचं इंजिन?"

"मी? पॅनेल बसवल्यापासून तिकडे फिरकलोसुद्धा नाही. का गं?"

"काही नाही. तेल चांगलं आहे म्हणून."

त्या रात्री ती झोपली की नाही, कोण जाणे. सकाळी मात्र वेणी घट्ट, शर्टाला इस्त्री. बेकरीवाला आधीच बोटीवर चढून सगळ्या गोष्टींना हात लावून बघत होता. आणि धक्क्याच्या टोकाकडून वहिनी येत होती, हातात प्रवासाची पिशवी, दुपारच्या गाडीनं लेकीकडे जायला निघालेली. धाकटा गेल्यापासून तिनं या फळ्यांवर पाऊल टाकलं नव्हतं.

"वन्सं, एकदाच आत बसते. मग जाते."

नको म्हणायला आत्याला एकही कारण सापडेना. तिनं हात धरून वहिनीला उतरवलं. बोट कलली, काही झालं नाही. बेकरीवाल्याला तेवढी समज होती. "मी पुढचे दोर बघतो," म्हणत तो टोकाला गेला.

वहिनी बाकावर बसली. सुकाणूच्या लाकडावर धाकट्याच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा होती, तिथं तिनं बोटं ठेवली. तिची नजर वर कुठेच नव्हती, पायाखालच्या फळीवर होती, जिच्याखाली इंजिन होतं.

"वन्सं, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही दर आठवड्याला इथे येता. इथे... कोणी असतं का?"

"असतात ना. झुरळं."

वहिनी हसली नाही. तिचे डोळे आता आत्यावर आले. आत्यानं त्या डोळ्यांत बघितलं. त्यात तिला खिडकी दिसली, आणि तिच्यामागची रिकामी खोली. एका शब्दाचं काम होतं. 'हो' म्हटलं असतं तर वहिनी पिशवी उचलून घरी परतली असती, बोट इथंच राहिली असती, आणि दोघी मिळून त्या गरम लोखंडावर हात ठेवून म्हाताऱ्या झाल्या असत्या. आत्याला ते किती हवं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

"नाही गं," ती म्हणाली. "कोणी नाही. मी बघते ना नेहमी. लाकूड, लोखंड आणि तेल. बाकी कोणी नाही."

वहिनीनं मोठा श्वास सोडला, इतका लांब की जणू तो त्या धुक्याच्या सकाळपासून आत कोंडला होता. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली. "चला, उगाच उशीर करते मी."

दोघी धक्क्यावर आल्या. आत्यानं दोर सोडले. बेकरीवाला खाली जाऊन कॉक उघडून आला, पॅनेलपाशी बसला, आणि शिकवलेलं मोठ्यानं म्हणू लागला, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं. "वरचं बटण..." भोंगा किंचाळला. "घाबरायचं नाही. आता तापवायचं..."

इंजिन सुरू झालं.

एका ठोक्यात, न खोकता, न धडधडता. भोंगा गप्प. बेकरीवाल्याचा अंगठा पॅनेलच्या वरती हवेत होता.

"आत्या!" तो ओरडला. "अहो, मी अजून स्टार्टला हात लावलाच नव्हता! आपोआपच—"

"लागला असेल चुकून!" आत्या त्याच्यावर ओरडली, धक्क्यावरचे पक्षी उडाले इतक्या मोठ्यानं. "बोटं बघा जरा तुमची, पावाएवढी! मागं वाकून बघा, पाणी येतंय का?"

तो वाकला. "येतंय! छान येतंय!"

"मग निघा की! भरती काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"काय म्हणत होते ते?" वहिनीनं विचारलं. इंजिनाच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं.

"पहिल्यांदाच आहे ना, गोंधळलेत. बटणं काय, माणूस काय, सवय व्हावी लागते." आत्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. "किती भरलंयस गं यात? पोरीला तिथं टॉवेल मिळत नाहीत का?"

धक्का अरुंद होता. पाणी डाव्या हाताला. आत्या मुद्दाम डावीकडून चालू लागली, जरा रुंद होऊन, म्हणजे वहिनीनं मान वळवली तरी मध्ये आपलाच खांदा यावा. ती एकसारखी बोलत होती. बाळाला लोकरीचं काय विणायचं, गाडीत खिडकीची जागा धरायची, पोहोचल्या पोहोचल्या फोन करायचा, सुईण चांगली आहे ना. वहिनी "हो, हो" म्हणत होती, एकदा तर हसलीसुद्धा. बोटीचा आवाज त्यांच्या बरोबरीनं थोडं अंतर आला, मग लांब जाऊ लागला. आत्याला तो कुठेही ओळखू आला असता. इंजिनाला कशाचीच कमी नव्हती. तिनं मान वळवली नाही, आणि बोलणं एका शब्दानंही थांबू दिलं नाही.